ठणका थांबला, पण सूज मानेत उतरली : दातातून पसरणाऱ्या गंभीर संसर्गात काय करावं

"डॉक्टर, आण्णांची दाढ कालपासून दुखायची थांबलीय. पण गळ्याखाली दगड धरल्यासारखं झालंय आणि पाणीही गिळवत नाही." असा फोन आला की मी फार विचारत बसत नाही. आधी गाडी काढा, म्हणतो.

मी तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. उशिरा पोहोचलेल्या रुग्णांच्या हकिगतीत एक दिवस हटकून सापडतो, तो म्हणजे ठणका थांबलेला दिवस. चार रात्री जागवणारी दाढ पहाटे अचानक शांत होते, घरचे सुस्कारा सोडतात आणि दवाखान्याचा बेत पुढे ढकलला जातो. आत मात्र वेगळंच चाललेलं असतं. किडलेल्या दाताच्या मुळाशी साठलेला पू जबड्याच्या टणक हाडात कोंडलेला असतो आणि त्या दाबाने ठणका लागतो. पुवाने हाड पोखरून बाहेर वाट काढली की दाब उतरतो आणि ठणका कमी होतो. पू तेवढाच असतो, फक्त तो आता गालाच्या किंवा मानेच्या मऊ भागात शिरलेला असतो.

म्हणून दुखणं किती आहे यावर जाऊ नका. सूज कुठे चालली आहे ते पाहा. पुढचा सगळा लेख ती कशी पाहायची आणि पाहून काय करायचं, याबद्दल आहे.

यातलं एकही लक्षण असेल तर लेख बाजूला ठेवा आणि निघा

- श्वास घेताना त्रास किंवा घरघर, उताणं झोपलं की गुदमरणं, पुढे वाकून बसल्यावरच बरं वाटणं.
- स्वतःची थुंकी गिळता न येणं, लाळ गळणं.
- जीभ वर उचलली जाणं, जिभेखालची जागा फुगून कडक होणं.
- तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज.
- हनुवटीखाली किंवा जबड्याच्या दोन्ही बाजूंना लाकडासारखी कडक सूज, मानेवरून छातीकडे उतरणारी लाली.
- डोळा सुजून मिटणं, पुढे आल्यासारखा दिसणं, एकाचे दोन दिसणं, सोबत जोराची डोकेदुखी किंवा ग्लानी.
- सुजेवरची कातडी जांभळी-काळी पडणं, दाबल्यावर आत कुरकुर जाणवणं.
- थंडी वाजून ताप आणि बोलण्यात असंबद्धपणा.

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ वर फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल आणि घरची गाडी दारात असेल, तर रुग्णाला बसवून न्या. मागच्या सीटवर आडवं करू नका. घशाशी सूज असलेल्या माणसाला झोपवलं की जीभ मागे पडते आणि उरलासुरला मार्गही अरुंद होतो. "थोडं पडा, बरं वाटेल" हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य इथे जिवावर बेतू शकतं.

सूज खाली का उतरते

जिभेखाली एक पातळ स्नायू जबड्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत झोळीसारखा बांधलेला असतो. झोळीच्या वर तोंड, खाली मान. खालच्या पुढच्या दातांची मुळं सहसा झोळीच्या वर संपतात, त्यामुळे त्यांचा पू तोंडात, हिरडीवर किंवा जिभेखाली येतो. शेवटच्या दोन दाढांची गोष्ट वेगळी. दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळं झोळीच्या खाली पोहोचतात. तिथला पू आतल्या बाजूने हाड फोडतो तेव्हा तोंडात काही दिसण्याआधीच तो जबड्याखाली, मानेच्या दारात उभा असतो.

तिथून पुढे मोठी भिंत नाही. मानेतले स्नायू, रक्तवाहिन्या आणि अन्ननलिका यांच्यामध्ये सैल पडद्यांच्या फटी आहेत आणि त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. अक्कलदाढेपासून निघालेला संसर्ग घशाच्या बाजूला, तिथून घशाच्या मागे आणि तिथून थेट छातीत, हृदयाभोवतीच्या जागेपर्यंत उतरू शकतो.

झोळीच्या वरची आणि खालची जागा दोन्ही बाजूंना एकदम सुजते, त्या अवस्थेला 'लुडविग्ज अँजायना' म्हणतात. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली तिचं वर्णन केलं. 'अँजायना' ऐकून नातेवाईक घाबरून हृदयाचा कार्डिओग्राम घेऊन येतात, म्हणून सांगतो: हृदयाशी याचा संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गळा आवळला जाणं, आणि रुग्णाला वाटतंही तसंच. अँटिबायोटिक येण्याआधी यातले निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. आज वेळेवर उपचार मिळाले तर दहातले नऊहून अधिक वाचतात. जे जातात, ते बहुतेक श्वास कोंडून किंवा संसर्ग छातीत आणि रक्तात पसरल्यामुळे जातात.

वरच्या दातांचा पू वेगळ्या वाटेने जातो. सुळ्याचा पू नाकाच्या बाजूला, डोळ्याखाली साठतो. मागच्या दाढांचा गालात किंवा गालामागच्या सायनसच्या पोकळीत. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन कडांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांना जाऊन मिळतात. संसर्ग त्या वाटेने वर चढणं क्वचित घडतं, पण घडलं तर दृष्टी आणि जीव दोन्ही पणाला लागतात. आपल्याकडे "वरचा दात काढला की नजर जाते" असं अजून म्हणतात आणि त्या भीतीने लोक सडलेला सुळा वर्षानुवर्षं सांभाळतात. दात काढल्याने नजर जात नाही. न काढलेल्या दाताचा पू मात्र डोळ्यापर्यंत जाऊ शकतो.

पायरी पहिली : घरी पाच मिनिटांची तपासणी

वरची धोक्याची लक्षणं नसतील, तर उजेडात बसवून एवढं पाहा. मोबाइलचा टॉर्च आणि स्वच्छ चमचा पुरे.

आधी ताप मोजा, आणि तो वेदनाशामक गोळीच्या आधी मोजा. गोळी घेऊन तासाभराने थर्मामीटर लावला तर ९८ दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. १०१ फॅरनहाइटच्या वरचा ताप म्हणजे संसर्ग दातापुरता राहिलेला नाही.

मग तोंड उघडायला सांगा आणि रुग्णाचीच बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटं बसतात. दोनच बसत असतील तर चिंता करा. एकच बसत असेल तर जबडा मिटणाऱ्या स्नायूंपर्यंत संसर्ग पोहोचला असण्याची शक्यता दाट. याला आपल्याकडे दातखीळ बसणं म्हणतात. दातखिळीचा खरा धोका असा की घशात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही आणि पुढे भूलतज्ज्ञाला श्वासाची नळी घालणंही अवघड होतं.

इथे आपल्या भागातली एक अडचण आहे, ती पुस्तकातल्या यादीत सापडत नाही. गुटखा, मावा आणि सुपारी खाणाऱ्या अनेकांचं तोंड आधीपासूनच दीड-दोन बोटांच्या वर उघडत नाही, कारण गालाची आतली त्वचा पांढरी आणि ताठ झालेली असते. अशा माणसात दातखीळ कुणाच्या लक्षात येत नाही. "त्याचं तोंड तसंच आहे" म्हणून विषय संपतो. म्हणून त्याला विचारा: गेल्या आठवड्यात किती बोटं जात होती आणि आज किती जातात? अर्ध्या बोटाचा फरकही महत्त्वाचा समजा. डॉक्टरकडे गेल्यावर हे आपणहून सांगा.

तिसरी गोष्ट जिभेखाली. जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा पाहा. दोन्ही बाजू सारख्या मऊ आणि ओलसर असायला हव्यात. एक बाजू फुगून वर आली असेल किंवा जीभ बाहेर काढताना दुखत असेल, तर तातडी समजा.

आता सूज बाहेरून चाचपा. जबड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. ती धारदार कड हाताला लागते का? सूज कडेच्या वर, गालातच असेल तर संसर्ग बहुधा अजून गालात आहे. कडच हरवली आणि सूज खाली मानेत उतरली असेल, तर दंतवैद्याच्या खुर्चीवर थांबायची वेळ निघून गेली आहे. मऊ, लिबलिबीत सुजेत पू जमलेला असतो आणि तो काढता येतो. कडक, गरम, कडा न कळणाऱ्या सुजेत संसर्ग अजून पसरतो आहे. लोकांना मऊ सुजेची भीती जास्त वाटते. मला कडक सुजेची वाटते.

शेवटी सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, वेळ लिहा आणि फोटो काढा. तीन तासांनी पुन्हा पाहा. या एका रेघेने मला किती रुग्णांबद्दल नेमकं कळलं आहे, सांगता येणार नाही. "सूज वाढलीय का?" याला घरचे "वाटतंय थोडी" असं उत्तर देतात. रेघ उत्तर देते.

पायरी दुसरी : कुणाला थांबायची मुभा नाही

मधुमेह असलेला माणूस पहिला. साखर वाढलेली असली की शरीराच्या संरक्षक पेशी मंदावतात आणि संसर्ग वाढला की साखर आणखी चढते. हे चक्र दोन दिवसांत माणसाला अतिदक्षता विभागात नेतं. सूज दिसली की ग्लुकोमीटरवर साखर तपासा. रुग्ण जेवत नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका, कारण संसर्गात न खाताही साखर वाढते. डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. उलट्या, दम लागणं आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल तर तसेच रुग्णालयात न्या. मधुमेह आपल्याला नाहीच असं मानणाऱ्या कित्येकांचा मधुमेह मी अशा सुजेच्या वेळी पहिल्यांदा सापडलेला पाहिला आहे.

२०२१ च्या कोविडलाटेत महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा अनुभव घेतला. तो आजार संपलेला नाही. मधुमेही माणसाचे वरचे दोन-तीन दात एकदम हलू लागले, गाल बधिर झाला, टाळूवर किंवा नाकात काळी खपली दिसली, तर तो किडलेल्या दाताचा साधा संसर्ग समजून अँटिबायोटिक देत बसू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं.

स्टेरॉइड चालू असलेले, केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, डायलिसिसवरचे आणि रोज दारू पिणारे यांनाही हाच नियम. लहान मुलांत सूज झपाट्याने पसरते आणि मूल पाणी पिणं सोडतं. सहा तासांत लघवी झाली नाही तर थांबू नका. गर्भवतीच्या बाबतीत घरचे "बाळंत होईपर्यंत दाताला हात नको" म्हणतात. हे चूक आहे. दाताचा संसर्ग काढणं कोणत्याही महिन्यात करता येतं आणि पसरलेला संसर्ग आई-बाळ दोघांना जास्त घातक आहे. फक्त गरोदरपणाची माहिती आधी द्या, म्हणजे औषधं तशी निवडता येतात.

पायरी तिसरी : जाईपर्यंत काय करायचं, काय नाही

बसून राहा, झोपताना दोन-तीन उशा घ्या. गिळता येत असेल तर घोटघोट पाणी प्या. तोंडात, आतून, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा चालतील. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सर्वांत सुरक्षित. सुदृढ प्रौढ माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या ही कमाल मर्यादा. यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर त्याहून बरंच कमी, आणि डॉक्टरांना विचारून. औषधाच्या दुकानातून मिळणाऱ्या दातदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत दुसऱ्या वेदनाशामकासोबत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, हे पाकिटावर वाचा. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेताना डोस दुप्पट झालेला कळत नाही. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर पॅरासिटामॉलखेरीज दुसरं वेदनाशामक मनाने घेऊ नका.

आता न करायच्या गोष्टी, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण निम्मं नुकसान इथेच होतं.

गालाला बाहेरून शेक देऊ नका. तव्यावर तापवलेलं फडकं, विटेचा तुकडा, मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, यातलं काहीही नको. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, पण सूज वाढते आणि पू कातडीच्या दिशेने येऊन गालावर फुटू शकतो. तो व्रण आयुष्यभर राहतो. लेप लावून आलेल्या गालावर तर मला लाली कुठपर्यंत आहे तेही दिसत नाही.

अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरू नका, हिरडी भाजते. लवंगेचं तेल साध्या कळेला थोडा वेळ उपयोगी पडतं, सुजेला नाही. मिश्री, तंबाखू आणि तपकीर दाढेत दाबून बसणं म्हणजे बधिरतेच्या बदल्यात संसर्ग वाढवणं. काही गावांत अजून भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'दातातली कीड' काढून दाखवतात. दातात अळी नसते. दाखवलेले पांढरे कण बियांतले असतात. धुरी घेऊन परतलेला माणूस मनाने निश्चिंत होतो आणि तेच जास्त महागात पडतं.

सर्वांत घातक सवय म्हणजे मेडिकलमधून "सुजेची गोळी" आणणं. त्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्याने सूज एक दिवस ओसरते, ताप उतरतो, भूक लागते. आणि शरीराचा प्रतिकार खाली पडल्याने संसर्ग आत मोकळा पसरतो. मधुमेह्याची साखर तर ४०० च्या पुढे जाऊ शकते. रुग्णालयातले डॉक्टर काही वेळा स्टेरॉइड देतात, पण अँटिबायोटिक चालू असताना आणि नजर ठेवून. तुम्हाला मिळालेल्या पुडीतल्या गोळीचं नाव माहीत नसेल तर ती घेऊ नका.

अँटिबायोटिकबद्दलही स्पष्ट बोलतो. हा संसर्ग एका जंतूचा नसतो. हवेत वाढणारे आणि हवेशिवाय वाढणारे, दोन्ही प्रकारचे तोंडातले जंतू त्यात असतात, म्हणून डॉक्टर पेनिसिलिन गटातलं औषध आणि काही वेळा जोडीला मेट्रोनिडॅझोल देतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं काही. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू घेऊ नका. पण औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या दाताच्या आत रक्त जात नाही. पुवाच्या खळग्यातही फारसं जात नाही. नुसत्या गोळ्यांनी सूज उतरते, कोर्स संपला की महिन्याभराने परत येते आणि दर वेळी पहिल्याहून खोल येते. दात उघडून मुळाची सफाई करणं किंवा तो काढणं आणि पुवाला वाट देणं हाच खरा उपचार. गोळ्या त्याच्या सोबतीला.

पायरी चौथी : कुठे जायचं

सूज गालापुरती, तोंड तीन बोटं उघडतं, गिळता येतं, ताप नाही: त्याच दिवशी दंतवैद्याकडे. उद्या नको, त्याच दिवशी. पहिल्या उपचारानंतर ४८ तासांत पुन्हा दाखवा. तोवर सूज उतरायला लागली नसेल तर उपचार चुकीच्या दातावर झाला आहे, पुवाला वाट मिळालेली नाही किंवा औषध लागू पडत नाही.

ताप, दातखीळ, जबड्याखालची सूज यांपैकी काही असेल तर जिथे तोंडाचे किंवा कान-नाक-घशाचे सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग एका छताखाली आहेत अशा रुग्णालयात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय अशा रुग्णांना ओळखतात. तरी श्वासाची तक्रार असेल तर थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या तातडीच्या विभागात जा. श्वास आधी, दात नंतर.

निघताना रुग्णालयात फोन करून एकच वाक्य सांगा: "दाढेच्या संसर्गाने मानेला सूज आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, मधुमेह आहे, आम्ही अर्ध्या तासात पोहोचतो." या वाक्याने पलीकडे भूलतज्ज्ञाला बोलावलं जातं. "दात दुखतोय" म्हणालात तर सकाळच्या ओपीडीला यायला सांगतील. निघायचं ठरल्यापासून रुग्णाला खायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

सोबत घ्या: चालू गोळ्यांची पाकिटं, आत्तापर्यंत घेतलेल्या अँटिबायोटिकचं नाव आणि तारीख, आधीचा एक्स-रे, रेघेचे फोटो, आधार आणि रेशनकार्ड. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचा टेबल असतो. रुग्ण आत जाताच एका नातेवाइकाने तिकडे जाऊन उपचार योजनेत बसतो का ते विचारावं. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

पायरी पाचवी : आत काय होतं

पहिल्या तासात सगळं लक्ष श्वासाकडे असतं. सूज जास्त असेल तर रुग्ण जागा असतानाच कॅमेऱ्याच्या बारीक नळीवरून नाकातून श्वासाची नळी घालतात. तेही जमत नसेल तर मानेच्या पुढच्या बाजूला छेद देऊन श्वासनलिकेत नळी ठेवतात, तिला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. या शब्दाने नातेवाईक कोसळतात. सही करायला मामा गावाहून येईपर्यंत थांबा म्हणतात. कृपा करून थांबवू नका. ही नळी बहुतेकांत काही दिवसांपुरतीच असते, काढली की भोक भरून येतं आणि आवाज परत येतो.

सोबत शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाइन, रक्ततपासणी, साखर. प्रकृती स्थिर असेल तर मानेचा आणि छातीचा सीटी स्कॅन, कारण पू किती खोल उतरला ते बाहेरून कळत नाही. मग शस्त्रक्रिया: मानेच्या नैसर्गिक वळीत छेद, सगळे कप्पे उघडून पू काढणं, नमुना तपासणीला पाठवणं, उरलेला पू वाहून जायला रबरी नळी, म्हणजे ड्रेन ठेवणं आणि त्याच वेळी दोषी दात काढणं. काही वेळा छेद दिल्यावर पू निघतच नाही, नुसतं गढूळ पाणी येतं. नातेवाइकांना वाटतं शस्त्रक्रिया फुकट गेली. तसं नाही. लुडविगमध्ये पू जमण्याआधीच सूज गळा दाबते आणि ते कप्पे मोकळे केल्यानेच दाब उतरतो.

"सूज असताना दात काढत नाहीत ना?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. जुना समज आहे. सुजलेल्या जागी बधिरतेचं इंजेक्शन नीट चढत नाही, कारण तिथलं आम्ल औषध निकामी करतं, आणि त्या यातनेतून तो समज रुजला असावा. आज दूरच्या मज्जातंतूवर इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन दात लवकर काढता येतो, आणि लवकर काढलेला बरा.

डॉक्टरांना रोज तीन गोष्टी विचारा: तोंड किती उघडतंय, ड्रेनमधून किती येतंय, साखर किती आहे? ही उत्तरं सुधारत असतील तर रुग्ण सुधारतो आहे. तिसऱ्या दिवशीही ताप हटत नसेल तर पुन्हा स्कॅन आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. त्यात कुणाची चूक असेलच असं नाही. मानेतले कप्पे एकामागून एक भरतात. कातडीखालचा पडदाच कुजत गेला तर मेलेला भाग रोज काढावा लागतो आणि मुक्काम आठवड्यांवर जातो.

पायरी सहावी : घरी आल्यावर

जबड्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये घाला, किती मावतात ते मोजा आणि डॉक्टर सांगतील त्या गतीने एक-एक वाढवा. कंटाळवाणं आहे, दुखतं, आणि केलं नाही तर तोंड कायमचं अर्धवटच उघडतं. खायला मऊ भात-वरण, पेज, अंडं, ताक, नाचणीचं आंबील; जखम भरायला प्रथिनं लागतात, नुसत्या चहा-बिस्किटावर राहू नका. मधुमेह असेल तर गोड पेज टाळा. अँटिबायोटिक सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या. पुन्हा ताप, नवी सूज, छातीत दुखणं किंवा दम लागला तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता परत जा.

मग उरलेलं तोंड. एक दात इथपर्यंत घेऊन आला तर बहुधा रांगेत आणखी दोन आहेत. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून सगळ्यांचा हिशेब एकदाच लावा.

दोन सुजांबद्दल वेगळं सांगायला हवं. हनुवटीवर किंवा गालावर एक पुळी वर्षभर येते, फुटते, भरते, पुन्हा येते. मलमं लावून थकलेल्या माणसाने खालच्या दाताचा एक्स-रे काढावा. पू दाताच्या मुळापासून बोगदा करून कातडीवर आलेला असतो आणि दाताचा उपचार झाला की पुळी आपोआप बंद होते. दुसरी, मानेतली न दुखणारी कडक गाठ, किंवा तोंडातला तीन आठवड्यांत न भरलेला चट्टा. तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत हे दाताच्या नावावर खपवू नका, तुकडा काढून तपासणी करून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना माझं एक सांगणं आहे. फडावर गेल्यावर एक दिवसाचा खाडा परवडत नाही, म्हणून दाढ गोळ्यांवर ढकलली जाते आणि चार महिन्यांनी सुजलेली मान घेऊन माणूस परक्या तालुक्यात उभा राहतो. अक्कलदाढेवरची हिरडी वर्षातून दोनदा सुजत असेल, दाढेत खड्डा पडून अन्न अडकत असेल, तर तिचा निकाल गाव सोडण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास लावून घ्या. कोयता बांधताना घरातल्या प्रत्येकाला तोंड उघडून तीन बोटं घालायला सांगा, आणि ज्याची जात नाहीत त्याला आधी दवाखान्यात न्या.